चायनीजची गाडी आणि नगरपरिषदेचे कर्तव्य

वैजापुरात दिवस मावळला की रस्त्याच्या कडेला लाल अक्षरांत ‘चायनीज’ असे रंगविलेल्या गाड्या उभ्या राहतात. भट्टीचा भडका उडतो, कढईवर कलथा आपटू लागतो आणि कोबी, गाजर, सिमला मिरचीसह परतलेल्या भाताच्या वासाने चालता माणूस थबकतो. बाजारास आलेला शेतकरी, महाविद्यालयातील विद्यार्थी, बाजार समितीतील हमाल हे सारे तेथे एकाच बाकावर बसतात. साठ-सत्तर रुपयांत ऊनऊन आणि रुचकर असे काही पोटभर मिळण्याची ठिकाणे तालुक्याच्या गावी फारशी नसतात. तथापि प्रतिष्ठित मंडळींत हा विषय निघाला की नाके मुरडली जातात. हे अन्न परके, त्यात अजिनोमोटो, तेव्हा या गाड्या हटवाव्यात, असा एकंदर सूर असतो.

परकेपणाचा आक्षेप टिकणारा नाही. १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलली तेव्हा मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर आल्याचे सांगितले जाणारे नानखलिया ज्या जिल्ह्यात अभिमानाने खाऊ घातले जाते, त्याने तरी हा मुद्दा काढू नये. शिवाय हे अन्न चिनी तरी कितपत? कलकत्त्यात जन्मलेले, चिनी वंशाचे नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात आले, लसूण व हिरवी मिरची परतून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, अशी मंचुरियनची जन्मकथा सांगतात. म्हणजे हा पदार्थ मुंबईकरच म्हणायचा.

अजिनोमोटोचे भयही असेच अवास्तव आहे. १९०८ साली टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालातून ज्या द्रव्याची चव वेगळी काढली, ते ग्लुटामेट आपल्या टोमॅटोतही निसर्गतः असते. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका डॉक्टरांच्या पत्रावरून ही भीती जगभर पसरली. पुढील काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातील सेवनाने अपाय होतो, असे काही सिद्ध झाले नाही.

खरा दोष आहे तो रंगाचा. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. कारण तपासणीत ऱ्होडामाइन-बीसारखे, मुळात कापड-कागद रंगविण्याचे द्रव्य आढळले होते. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने मात्र गाड्यांवर हा पदार्थच निषिद्ध ठरविला. कर्नाटकाने रंग काढला आणि पदार्थ ठेवला, म्हापशाने पदार्थाबरोबर विक्रेत्याचा धंदाही काढला. आपल्याकडील अधिकाऱ्यांना दुसरा मार्ग अधिक सोपा वाटतो, हे अनुभवाने सांगावे लागते.

एका गाडीवाल्यास प्रस्तुत लेखकाने विचारले, “हा रंग घालतोस कशाला?” तो म्हणाला, “काका, लाल नसलं तर गिऱ्हाईक शिळं समजतं.” या उत्तरापुढे आम्ही निरुत्तर झालो, कारण ताटात लाली मागणारे आपणच. त्याच गाडीखालच्या एका बादलीत संध्याकाळपासून तेच पाणी होते आणि साऱ्या बशा त्यातच बुचकळल्या जात होत्या. जवळपास नळ नव्हता.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ सालचा आहे. त्यानुसार नेमावयाच्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असले पाहिजेत. वैजापूर नगरपरिषदेने अशा समितीच्या संमतीने या गाड्यांना एक निश्चित जागा, एक नळ, सांडपाण्याची एक नाली आणि दिव्याचा एक खांब द्यावा. अन्न व औषध प्रशासनाने गाडीवाल्याची कढई जप्त करण्याआधी, तो रंग ज्या दुकानातून सुट्या पुडीत विकला जातो त्या दुकानाची पायरी चढावी.