एंजिन थंड राहणें हाही रोगच

एंजिन तापलें म्हणजे आपण घाबरतों. थंड राहिलें म्हणजे मात्र समाधान मानतों. आमच्या मतें ही समजूत घातक आहे. मोटारीच्या उष्णतेचा कांटा वर चढत नाहीं आणि थंडीच्या पहाटे हीटर लावूनही गार वाराच येतो, हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर दोष बहुधा दोहोंपैकीं एक असतो: रेडिएटरमध्यें पाणी कमी असणें, किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकणें. कारण हीटरला ऊब मिळते ती एंजिनाच्याच पाण्याची.

प्रथम एंजिन पूर्ण निवाल्यावर झांकण काढून पाणी पहावें. तापलेल्या एंजिनाचें झांकण कदापि उघडूं नये. पाणी पुरेसें असल्यास एंजिन सुरू करून, पंख्यापासून हात जपून, रेडिएटरची वरची नळी चांचपावी. बहुतेक एंजिनांत ही नळी आधीं थंड राहून मग एकाएकीं तापते. ती आरंभापासूनच हळूहळू कोमट होऊं लागली, तर थर्मोस्टॅट मिटत नाहीं असें समजावें.

कित्येक कारागीर, 'आपल्या उष्ण हवेंत याचें काय काम?' म्हणून ट्रॅक्टरचाही थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. थंड एंजिनांत इंधन नीट जळत नाहीं. तें वंगणांत उतरून त्यास पातळ करतें, आणि सिलिंडर व रिंगा लवकर झिजतात. लहानशा भागाचा खर्च वांचवून सारें एंजिन उघडण्याची पाळी आणणें, यांत काटकसर कोणती? सुज्ञ शेतकरी बंधूंनीं तो भाग बदलून घ्यावा, काढून टाकूं नये.