गच्चीचं काम आपणच करू की!

मे महिना संपत आला की घरोघरी दोन गोष्टी हमखास होतात. एक रिझल्टची चर्चा आणि दुसरं, ‘यंदा तरी गच्चीचं बघायला हवं’ हे वाक्य. रिझल्ट लागतो, गच्ची तशीच राहते. मग जूनमध्ये बादल्या बाहेर येतात आणि मिस्त्री फोन उचलत नाहीत, कारण अख्ख्या गावाला ते त्याच आठवड्यात हवे असतात.

माझं म्हणणं साधं आहे. गॅरेज, पोर्च, जिन्यावरची खोली अशा छोट्या, सपाट छतांचं वॉटरप्रूफिंग घरातल्या पोरापोरींनी स्वतः करायला शिकावं. एसआयपी कशी सुरू करायची यावर आपण तासभर बोलतो, पण आपल्या स्लॅबवरचं पाणी कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं, हे विचारलं की गप्प.

ब्रिटन-अमेरिकेत गॅरेजच्या छतावरचं जुनं डांबरी फेल्ट उपटून ईपीडीएम रबराची शीट चिकटवणं हे अनेकजण वीकेंडला घरच्या घरी करतात. शीट सव्वा-दीड मिलिमीटर जाडीची. छताच्या मापाची अख्खी मिळते, म्हणून मध्ये जोड नाही, आणि गोंदाने चिकटते, म्हणून आग लागत नाही. पण तिथली छतं बहुतेक लाकडी आणि त्यावर कुणी फारसं चढत नाही. आपल्या स्लॅबवर टाकी असते, कुंड्या असतात, एप्रिलात कुरडया-पापड असतात. त्यामुळे आपल्याला सोयीचं पडतं ते बादलीतून मिळणारं कोटिंग. ब्रशने लावायचं, वाळलं की रबरासारखा पापुद्रा तयार होतो.

आमच्या गॅरेजचा स्लॅब जेमतेम दोनशे स्क्वेअर फूट. ब्रिकबॅट कोब्याचं कोटेशन आलं २४ हजारांचं. मी आणि धाकट्या भावाने तेच छत दोन शनिवार-रविवारी केलं, सामान साडेसात हजारांत आलं. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे वजन. एवढ्या छतावर चार इंच कोबा टाकला तर तीन टनांहून जास्त भार वाढतो. जुना कोबा न काढता त्यावर नवा टाकणारेही असतात. खालच्या बीमला कुणी विचारत नाही.

यातलं खरं काम रंगवण्याचं नाहीच, घासण्याचं आहे. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडायचं, पोकळ वाजणारं प्लास्टर छिन्नीने काढायचं, भेगा थोड्या रुंद करून त्यात पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला भरायचा. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथे मसाल्याची गोलाई करायची. मिस्त्री तिला ‘वाटा’ म्हणतात. बरीचशी गळती याच कोपऱ्यातून आणि पन्हाळीच्या पाइपाच्या तोंडापाशी असते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. मग धुऊन पूर्ण कोरडं करायचं, प्रायमर, पहिला हात, तो ओला असतानाच फायबरची जाळी, दुसरा हात आडव्या दिशेने. मेच्या उन्हात दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावायचं. डब्यावर लिहिलेले तास वाळू द्यायचं. हे सगळे ‘माहीत आहे हो’ म्हणतात आणि कुणी करत नाही. शेवटी पाइपाच्या तोंडात बोळा घालून इंचभर पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं आणि खालून छत बघायचं. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा माझा या परीक्षेवर जास्त विश्वास आहे.

शेजारच्या साइटवरचे मिस्त्रीकाका वरून बघत म्हणाले, “ताई, हे काय पोरींचं काम आहे का?” वाट्याचा मसाला किती घट्ट हवा, हे मात्र त्यांनीच प्रेमाने दाखवलं.

यावर एक आक्षेप येतो की, तुम्ही मजुराच्या पोटावर पाय आणताय. आक्षेप वरवरचा नाही. पण दोनशे फुटांच्या कामाला सीझनमध्ये कुणी येतच नाही, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय दिवसभर उन्हात शेवाळ खरवडलं की मजुरीवर घासाघीस करायची आपली हौस बरीच कमी होते.

सगळंच स्वतः करा, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. गॅस-बर्नरने तापवून चिकटवायच्या डांबरी शीटला हात लावू नका. कठडा नसलेल्या छतावर चढू नका. छताला खालून गंजाचे डाग असतील किंवा सळया दिसत असतील तर विषय ब्रशच्या पलीकडे गेलाय. पाणी मुरलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. तिथे वरून कोटिंग मारणं म्हणजे रोग झाकणं. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. आणि तुम्ही सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर ब्रश खाली ठेवा, अर्ज लिहा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती थांबवण्याचा खर्च सोसायटीचा असतो, वरच्या मजल्यावरच्या सभासदाचा नाही. कमिटीला हे माहीत असतं, पण सांगितल्याशिवाय आठवत नाही.

एक राहिलं. एवढं करून झाल्यावर डिशवाला येतो, ड्रिल काढतो आणि नव्या कोटिंगमध्ये चार भोकं पाडून जातो. त्याला स्टँड भिंतीवर लावायला सांगा, आणि तो खाली उतरेपर्यंत गच्चीवरच उभे राहा.