‘रद्द करा’, पण कोणी?

परवा एका लग्नाच्या निमित्ताने झाशीला जाणे झाले. तिथे माझी एक मावशी राहते. तिच्या सासरचे घराणे कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून तिकडे गेलेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना बुंदेली, असा तिचा हिशेब. गेल्या दिवाळीत नातवाने मोठ्या हौसेने तिचा मोबाइल हिंदीवरून मराठीवर करून दिला. आजीचा फोन आता आपल्या भाषेत बोलणार!

फोन बोलू लागला, पण पैसे जाईनात. नात ग्वाल्हेरला होस्टेलवर. तिच्या मेसचे पैसे पाठवायचे, तर रक्कम लिहून होई, नावही बरोबर येई आणि शेवटच्या क्षणी व्यवहार मोडे. तीन वेळा असे झाले. पोरीने मैत्रिणीकडून उसने घेऊन वेळ भागवली. नातवाने ॲप काढून पुन्हा घातले, तरी तेच. मी शेजारी बसून पाहिले तेव्हा उलगडा झाला. अखेरच्या पडद्यावर दोन बटणे होती, ‘पुष्टी करा’ आणि ‘रद्द करा’. मावशीने शांतपणे दुसरे दाबले.

‘‘अगं, हे का दाबलंस?’’

‘‘त्यानंच सांगितलं ना! आधी म्हणतो पुष्टी करा, मग म्हणतो रद्द करा. म्हटलं, काही चुकलं असेल माझं.’’

‘‘मग हिंदीत ‘रद्द करें’ होतं, तेव्हा कसं जमायचं?’’

मावशी जरा विचारात पडली. ‘‘‘करें’ म्हणजे पाटीवरची भाषा गं. ती कोण मनावर घेतं? ‘करा’ म्हटलं की कुणी समोर उभं राहून सांगतंय असं वाटतं.’’

वाचकहो, हसू नका. मावशीने नेमके दुखण्यावर बोट ठेवले आहे. एटीएमचे यंत्र ‘कार्ड घाला’ म्हणते, तेव्हा ते आपल्याला सांगत असते. ‘रद्द करा’चे बटण मात्र आपण यंत्राला सांगण्यासाठी असते. बोलणारा बदलला, ऐकणारा बदलला, पण क्रियापद तेच. इंग्रजीत ‘सेव्ह’ म्हटले की काम भागते. हुकूम म्हणा, विनंती म्हणा, कामाचे नाव म्हणा, शब्द एकच. मराठीत मात्र तोंड उघडले की समोरचा ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते.

त्यातून भाषांतर करणाऱ्यापुढे बहुतेकदा शब्दांची नुसती यादी येते, पडदा दिसतच नाही. ‘ओपन’ म्हणजे दुकान उघडे आहे तसे, की फाइल उघडायची? ‘उघडा’ लिहून मोकळे व्हावे, तर ते आज्ञार्थी की अंगात सदरा नसलेला, हाही प्रश्न उरतोच!

मग यंत्राला ‘रद्द कर’ म्हणावे का? न्यायाने तेच बरोबर. आपण मिक्सरला काही ‘अहो’ म्हणत नाही. पण ते यंत्रच आपल्याला म्हणते आहे असे वाटले, तर सत्तरीच्या बाईला तो उद्धटपणा वाटेल. तमिळमध्ये मात्र बटणांवर असे एकेरी रूप चालते, कोणी रागावत नाही. जर्मन, फ्रेंच आणि रशियन लोकांनी ही भानगडच टाळली आहे. तिथे मेनूत आपल्या ‘जतन करणे’सारखे रूप असते. कोणी करायचे, कोणाला सांगायचे, हे त्यात येतच नाही.

तेच आपणही उचलावे असे मला वाटले होते. पण आपल्या ‘करणे’चा स्वभाव इतका गरीब नाही. 1742 साली पेशव्यांच्या वतीने नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाचे देऊळ आणि घंटा आहे, तेच हे. त्यांनी झाशीचा किल्ला वाढवला, शहर वसवले आणि दक्षिणेतली कितीतरी कुटुंबे तिकडे गेली. त्या काळच्या मोडी पत्रांत वरिष्ठांनी हाताखालच्या माणसाला हुकूम करायचा, तर तो ‘पाठवणे’, ‘ताकीद करणे’ असाच असे. मानाच्या माणसाला मात्र ‘पाठवावे’, ‘लोभ करावा’. म्हणजे आज जे रूप आपल्याला तटस्थ वाटते, तो त्या काळी सरळ हुकूम होता. तरीही यंत्राला द्यायला हुकूमच हवा असेल, तर ‘करणे’ वाईट नाही, असे माझे मत झाले आहे.

उरले ‘करावे’. हिंदीच्या ‘करें’ला जवळचे तेच. जुन्या पाककृतींत मीठ ‘घालावे’ असे. आता टीव्हीवरच्या ताई ‘आपण मीठ घालून घेऊया’ म्हणतात. (आपण कसले घालतोय, घालतात त्याच!) पण ‘रद्द करावे’ लिहिलेले बटण म्हणजे थेट सरकारी परिपत्रक. ‘मी पाठवतो’ लिहावे तर मावशी अडते, ‘मी पाठवते’ लिहावे तर काका. आपल्या क्रियापदाला बाई की पुरुष हे विचारल्यावाचून चैन पडत नाही.

हे सगळे मी मावशीला ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘एवढं कशाला? एकीकडे ‘पाठव’ लिहा, दुसरीकडे ‘नको’. झालं!’’

मी गप्पच झाले. ‘नको’! त्यात तू नाही, तुम्ही नाही, बाई नाही, पुरुष नाही. शिवाय ते फक्त आपणच म्हणू शकतो; यंत्र आपल्याला ‘नको’ म्हणते आहे असा संशयही येत नाही. ‘रद्द करा’च्या जागी हा शब्द कोणी वापरल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

फोन पुन्हा हिंदीवर करून देऊ का, असे मी निघताना विचारले. मावशीला ते पटले नाही. नातवाने हौसेने केले आहे, राहू दे म्हणाली. फक्त कुठल्या बटणावर आपण बोलतो आणि कुठे तो बोलतो, हे तिने माझ्याकडून दोनदा समजावून घेतले. मग चष्मा लावला, रक्कम लिहिली, शेवटच्या पडद्याशी आली आणि ‘पुष्टी करा’वर बोट ठेवून फोनला मोठ्याने म्हणाली, ‘‘हं, पाठव आता.’’

पाच मिनिटांत ग्वाल्हेरहून नातीचा फोन आला.