हिरवा हायड्रोजन आणि जनसुनावणीची कात्री

खतनिर्मिती आणि खनिज तेलाचे शुद्धीकरण यांसाठी लागणारा हायड्रोजन आपल्या देशात आजही मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून मिळवला जातो. या रीतीने एक किलो हायड्रोजन तयार होताना सुमारे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो. सौर वा पवन विजेने पाण्याचे विघटन केल्यास ही हानी टळते. म्हणूनच केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठरवले, हे स्वागतार्हच आहे.

परंतु 'हिरवा' हे विशेषण लावल्याने कारखान्याला पाणी व वीज लागेनाशी होत नाही. एका किलोमागे निव्वळ रासायनिक हिशेबाने नऊ लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे ५० युनिट वीज लागते. शुद्धीकरण व शीतकरणाचे पाणी त्याहून वेगळे. देशाच्या मानाने हे पाणी फार नसेल. पण अभियानाची केंद्रे म्हणून पुढे आलेल्या कांडला व तुतिकोरिन या बंदरांचे परिसर मुळातच तहानलेले आहेत. तेथे समुद्राचे पाणी गोडे करावे, तर उरलेले अतिखारट पाणी मच्छीमारांच्याच समुद्रात सोडले जाणार. शिवाय गळती झालेला हायड्रोजन हवेतील मिथेनचे आयुष्य वाढवून तापमानवाढीला हातभार लावतो.

अशा उद्योगाची आधी कसून छाननी व्हावयास हवी होती. घडले मात्र उलटेच. जुलै २०२३ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने केवळ हरित हायड्रोजन व हरित अमोनियाचे उत्पादन करणाऱ्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. मंजुरी गेली, म्हणजे तिच्याबरोबर जनसुनावणीही गेली! फेब्रुवारी २०२२ च्या धोरणाने तर या उद्योगाला २५ वर्षांची आंतरराज्य पारेषण शुल्कमाफी देऊ केली. हा भार अखेर कोणाच्या वीजबिलावर पडणार, हे सांगण्याची गरज आहे काय?

सवलत जनतेच्या पैशातून आणि पाणी जनतेच्या वाट्याचे. मग निर्णयात जनतेला स्थान का नसावे? ही सूट रद्द झालीच पाहिजे. प्रत्येक प्रकल्पाचा पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे आला पाहिजे, आणि निर्यातीची स्वप्ने रंगवण्यापूर्वी हा हायड्रोजन आपल्याच खत कारखान्यांना मिळाला पाहिजे. ज्या गावाचे पाणी जाणार, त्या गावाला विचारल्यावाचून उभा राहिलेला कारखाना कितीही हिरवा असला, तरी न्याय्य ठरणार नाही.