जुनी यंत्रे कशासाठी जपायची?

जुन्या वस्तूंचा संग्रह म्हटला की नाणी, पोथ्या किंवा पितळेची भांडी डोळ्यांसमोर येतात. विद्युत लहरी निर्माण करणारी व त्या मोजणारी जुनी यंत्रे जपणारेही काही लोक असतात. ‘हे भंगार घरात कशाला?’ असा प्रश्न त्यांना हमखास ऐकावा लागतो. माझ्या मते, त्याचे उत्तर यंत्राच्या अंतरंगातच असते.

एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील पालो आल्टो येथे एका घराच्या गॅरेजमध्ये विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या तरुण अभियंत्यांनी १९३८-३९ च्या सुमारास एक ऑसिलेटर तयार केला. अशा यंत्रातील लहरींची उंची स्थिर ठेवणे ही मोठी अडचण होती. ह्यूलेट यांनी त्यासाठी चक्क एक छोटा दिवा वापरला. लहर वाढली की दिव्यातील तार अधिक तापते, तिचा रोध वाढतो आणि लहर आपोआप आवरली जाते. किती साधी युक्ती! ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटाच्या ध्वनीसाठी वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने याच प्रकारची आठ यंत्रे विकत घेतली.

आजची यंत्रे लहान, स्वस्त आणि अधिक अचूक आहेत, हे निर्विवाद. परंतु ती केवळ उत्तर देतात. उत्तरापर्यंतची वाट चिपच्या आत झाकलेली असते. जुने यंत्र ती वाट उघड करून दाखवते.

शिवाय, इतिहास एकाच ठिकाणी सुरक्षित राहतो असे नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील वणव्यात ह्यूलेट आणि पॅकार्ड यांचा जतन केलेला पत्रव्यवहार भस्मसात झाला. कागद गेले, संग्राहकांच्या घरोघरी असलेली यंत्रे मात्र उरली.

अर्थात, नुसता ढीग म्हणजे संग्रह नव्हे. यंत्रासोबत त्याची माहितीपुस्तिका, विद्युतमंडलाची आकृती आणि दुरुस्तीची नोंद असावी. ते चालते ठेवावे. बंद केल्यानंतरही जुन्या यंत्रातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. म्हणून जाणकाराच्या मार्गदर्शनाशिवाय ते उघडू नये.

वस्तू जुनी झाली म्हणून तिच्यातील विचार जुना होत नाही. तो विचार पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे, हेच संग्राहकाचे खरे कार्य होय.