समुद्रातलं टोचन

मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर टोचन लावलेला ट्रक तुम्ही पाहिला असेलच. दोर तुटून मागचा ट्रक कुणाच्या टपरीत घुसला, तर भरपाई कोणी द्यायची? चौकात तासभर वाद चालेल. समुद्रावरही हाच वाद आहे, फक्त आकडे कोटींचे.

जून २०११ मध्ये 'एमव्ही विस्डम' हे जहाज एक टग कोलंबोहून अलंगला भंगारासाठी ओढून नेत होता. दोर तुटला आणि जहाज वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं. वांद्रे-वरळी सी लिंक थोडक्यात वाचला. समजा धडकलं असतं तर?

बंदरात जहाज ओढताना हुकूम सहसा जहाजावरून सुटतात. म्हणून ब्रिटिश छापील करारात टगच्या खलाशाची चूकही जहाजमालकाच्या माथी मारलेली असते. टगवाला मोकळा! मला हे पटत नाही. अमेरिकेतही पटलं नव्हतं. मिसिसिपी नदीत टोचनवरची 'बिसो' नावाची बार्ज पुलाच्या खांबावर आपटून बुडाली. स्वतःच्या हलगर्जीची जबाबदारी टगवाल्याला करारानं झटकता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्ये सांगितलं.

अर्थात करार त्या दोघांतला. ज्या तिसऱ्याला धडक बसते, त्याची सही त्यावर नसते. तो ज्याची चूक त्याच्यावर दावा लावतो. आपल्याकडे २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यानं त्यासाठी जहाज अडकवूनही ठेवता येतं. हा अधिकार असलेल्या उच्च न्यायालयांत आपलं कर्नाटकही आहे. टग मंगळूरच्या बंदरात सापडला, तर तिथेच अडकतो.