वजनाचा काटा आणि कंबरेचा घेर

नोकरीत रुजू होताना उंची आणि वजन यांची नोंद होते, डॉक्टर छातीला नळी लावतात आणि उमेदवार ‘सुदृढ’ ठरतो. पुढे वजनात फारसा फरक पडला नाही, की आपली प्रकृती उत्तम आहे असे तो समजून चालतो. ‘तुम्हाला कसला हो मधुमेह? अंगावर मांस आहे कुठे?’ असे म्हणून स्नेहीमंडळी त्या समजुतीला दुजोरा देतात. ही समजूत किती घातक आहे, याचा पुरावा पुण्यातच उपलब्ध आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सारखाच होता : २२.३. शरीरातील चरबी मात्र लंडनच्या डॉक्टरांची ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांची २१.२ टक्के भरली! काट्याला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही, हेच खरे. वास्तविक हे गणित रोगनिदानासाठी जन्मलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहाच्या अभ्यासासाठी ते मांडले होते.

चरबी किती यापेक्षाही ती कोठे साठते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. पोटात, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात. इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर चढू लागते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाबही वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार २८.६ टक्के प्रौढ स्थूल आढळले. कंबरेच्या मापाने मात्र हे प्रमाण ३९.५ टक्के निघाले. याच पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब होता.

पाच फूट पाच इंच उंचीच्या, साठ किलो वजनाच्या एखाद्या कारकुनाचा विचार करा. बीएमआय २२, काटा त्याला निर्दोष ठरवील. पण त्याची कंबर ९२ सेंटिमीटर असेल, तर? भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आपल्या तज्ज्ञांनी सांगितली आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा त्याहूनही सोपा हिशेब. मात्र माप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यावयाचे असते. पँटच्या पट्ट्याचा नंबर येथे उपयोगाचा नाही, कारण पोट सुटले की आपण पट्टा पोटाखाली बांधतो आणि नंबर तोच राहतो!

अर्थात टेपने निदान होत नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला पाहिजे, रक्त तपासले पाहिजे. आणि कंबर सडपातळ असलेल्यांनाही त्यातून सूट नाही, कारण हे दोन्ही विकार प्रारंभी दुखतखुपत नाहीत. म्हणूनच कार्यालये आणि शाळा यांच्या वैद्यकीय तपासणीच्या छापील नमुन्यात, उंची-वजनाच्या रकान्यांशेजारी, कंबर, रक्तदाब आणि साखर हे तीन रकाने सक्तीचे असावेत आणि ही तपासणी रुजू होतानाच नव्हे, तर दरवर्षी व्हावी. खर्चाची सबब पुढे येईलच. कंबरेच्या रकान्यापुरती तरी ती टिकणारी नाही. शिंप्याकडील टेप त्याला पुरते.